लॅथमसाहेबाचा चांगुलपणा

...नाही, तुम्हीच सांगा, जो माणूस लोकांच्या वाटेवरची खाजरी झुडपं स्वतःच्या हातानं कापून देतो, तो सरळ असेल का? वर कुंपण ओलांडायच्या लाकडी पायऱ्या नव्या करतो, चांगल्या ओकच्या! आणि तळ्याकाठी बाकडं टाकतो! बाकडं! कुणी सांगितलं होतं? तुम्हाला सांगते, मी एडना टक, एकसष्ट वर्षं या लोअर थ्रॅपलमध्ये काढली, पण या गावात मला फुकट मिळालेली एकच गोष्ट आठवते, ती म्हणजे चर्चमधला गारठा.

आता मी काही संशयी बाई नाही, पण विचारायला नको?

हा क्रिस्पिन लॅथम दीड वर्षापूर्वी लंडनहून आला, म्हातारा हॉबडे वारल्यावर त्याचं शेत यानं घेतलं, आणि पहिल्याच रविवारी पबमध्ये येऊन म्हणतो कसा, "आपली ती तळ्याकडची पायवाट, काय सुरेख आहे हो!" आपली! ऐकलंत? अजून सामान सोडलं नव्हतं पठ्ठ्यानं, आणि म्हणे आपली!

ती वाट म्हणजे माझा जीव आहे हो. माझी थोरली बहीण थेल्मा पलीकडं मिल एंडला एकटी राहते. खुब्याचं हाड मोडल्यापासून तिला उंबऱ्याबाहेर पडता येत नाही. हॉबडेच्या शेतातून, तळ्याच्या काठानं गेलं की वीस मिनिटांत तिच्या दारात. आणि रस्त्यानं? चार मैल! दोन्हीकडून झुडपं अंगावर आलेली, मधून दुधाचे टँकर सुसाट, चालणाऱ्या माणसानं जायचं कुठं, झाडावर? आठवड्यातून तीनदा मी तिला रुबार्बचे आंबट देठ साखरेत शिजवून घेऊन जाते, मी गेले नाही तर ती बाई दिवसभर खिडकीशी बोलत बसते. ती वाट गेली की माझी बहीणच गेली म्हणायची.

आणि ती वाट सरकारी नकाशात नाही! नाहीच! कुणी कधी काढलीच नाही. पण आमच्याकडे कायदा असा, की लोक वीस वर्षं एखाद्या वाटेनं चालले, दांडगाई न करता, लपूनछपून न जाता आणि मालकाची परवानगी न घेता, की ती वाट सगळ्यांची. परवानगीनं चाललात, तर मात्र तुम्ही पाहुणे, हक्क काही नाही. म्हणून मी घरोघर फिरून चौतीस जणांकडून लिहून घेतलं आणि दावा टाकला. म्हटलं, आता हा लॅथम चवताळणार, वकील आणणार, शेतात बैल सोडणार... तर हा म्हणतो, "वा, टकबाई, जरूर करा!" ज्याची जमीन जाते तो 'वा' म्हणतो?

मग निघालं ते माहितीपत्रक. 'लोअर थ्रॅपल : पायी आणि सायकलने.' गावाभोवतीची सात प्रेक्षणीय स्थळं, नकाशासकट, छापून दिलं कुणी? लॅथमनं! चौथ्या नंबरावर आमचं तळं! मी नवऱ्याला म्हटलं, "नॉरिस, सायकल काढ. या सातांत काहीतरी दडलंय." नॉरिस म्हणाला, "अगं, सहलीला जायचं तर सहल म्हणून जाऊ या की." हा असाच. याला घरात चोर शिरला तर हा त्याला चहात साखर किती विचारेल.

निघालो. पायवाटेवर सायकलला मनाई, म्हणून नॉरिस घोडे-सायकलींच्या वाटेनं लांबून, मी शेतांतून पायी, आणि प्रत्येक स्थळापाशी भेटायचं. चर्चचा कललेला मनोरा पाहिला... तसाच कललेला. चेटकिणीचा दगड पाहिला, तिथं बर्मिंगहॅमचं एक जोडपं उभं, तो बाप्या मला विचारतो, "एवढंच का हो?" म्हटलं, "एवढंच! दगड आहे, नाचून दाखवेल का?" पवनचक्कीला पाती नाहीत ती नाहीतच, हे लॅथमच्या आधीपासूनचं, तो दोष त्याच्यावर टाकता येईना. मला तर घामच फुटला. सगळं खरं! एक अंतर चुकीचं नाही!

आता मी काही संशयी बाई नाही, पण इतका बरोबर नकाशा कोण काढतं?

शेवटी तळ्याकाठी मी त्या बाकड्याखाली छत्रीनं ढोसून बघत होते, म्हटलं कॅमेरा असेल, काही पुरलं असेल... तर मागून आवाज, "टकबाई, काही हरवलं का?" लॅथम! मी म्हटलं, "माझं... कानातलं." मी जन्मात कान टोचले नाहीत हो! आणि तो माणूस गुडघ्यावर बसला, ओल्या गवतात अर्धा तास शोधत राहिला, नसलेलं कानातलं! मिळालं नाही तर त्यालाच वाईट वाटलं. घरून थंडगार सरबत आणलं. नॉरिस दोन ग्लास प्याला आणि म्हणतो, "एडना, देवमाणूस आहे." म्हटलं, "गप्प बस, तुला माणसातलं काय कळतं?"

मग सुनावणी. गावच्या हॉलमध्ये ती क्विलबाई आली, सरकारी अधिकारी, चेहरा असा की उकडलेला बटाटासुद्धा तपासून खाईल. मला तर ती लगेच आवडली. विचारते, "कधी कुंपण मोडलंत?" छे! "लपून गेलात?" तीस वर्षं लाल टोपी घालून गेले! "कधी परवानगी मागितलीत?" मी उभी राहिले, म्हटलं, "बाई, मी आईच्या पोटातून बाहेर येतानाही कुणाला विचारलं नाही!" काय टाळ्या पडल्या! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. म्हटलं, थेल्मे, जिंकलो गं.

तेवढ्यात लॅथम उठला. कान लालबुंद. म्हणतो, "मला फार वाईट वाटतंय, पण असतील ते सगळे कागद द्यावे लागतात. हॉबडेंच्या कपाटात हे सापडलं." बिस्किटांचा पत्र्याचा डबा. आत नाताळची कार्डं. तेवीस!

क्विलबाईनं वाचलं : "प्रिय श्री. हॉबडे, आपल्या शेतातून जाण्याची परवानगी आपण याही वर्षी दिलीत, त्याबद्दल समस्त गावकऱ्यांच्या वतीनं मनःपूर्वक आभार. सोबत संत्र्याचा मुरंबा. आपला, नॉरिस टक."

नॉरिस!!

आणि प्रत्येक कार्डामागं हॉबडेची नोंद, "उत्तर दिलं : परवानगी आहे, सगळे खुशाल जा." दरवर्षी! न चुकता!

मी वळून बघितलं, तर हा टोपी कुरवाळत म्हणतो, "अगं, लोकांच्या शेतातून नुसतं चालत जायचं... बरं दिसतं का ते?" बरं दिसतं का! दर डिसेंबरला माझी मुरंब्याची एक बरणी कमी भरायची, आणि तेवीस वर्षं मी शेजारच्या मिसेस प्लमलीशी धड बोलले नाही हो! सगळ्या गावाचा संशय घेतला, या एकाचा सोडून... कारण याच्यात तेवढी अक्कलच नाही असं मला वाटायचं!

दावा फेटाळला. मी दाराकडे निघाले. तर लॅथम जवळ येऊन हळूच म्हणतो, "टकबाई, बहिणीकडे खुशाल जात जा. माझी परवानगी आहे." परवानगी! मला! आणि तो विकून गेला तर? मेला तर? एखाद्या सकाळी उठून 'नको' म्हणाला तर?

पण थेल्मा खिडकीत बसलेली असते हो. काय करणार?

यंदा नाताळचं कार्ड मीच लिहिलं. 'परवानगीबद्दल मनःपूर्वक आभार.' मुरंब्याच्या बरण्याही दोन दिल्या. आता मी काही संशयी बाई नाही... पण मिळाल्याची सही घेऊनच आले.