कृपया डावीकडे वळणे

...वळणे! अहो, ‘कृपया डावीकडे वळणे’! ही काय आज्ञा झाली? तुम्हाला सांगते, मी जुनी मॅट्रिक, मराठीत वर्गात पहिली आलेली, आणि माझ्याच सुनेच्या ट्रॅक्टरमध्ये, तिच्या शेजारच्या बैठकीवर बसून मी हे मराठी ऐकायचं! समोर एक पडदा, त्यातून एक बाई बोलते. ‘बियाणे पेटी रिकामा झाली आहे.’ पेटी रिकामा? एकाच वाक्यात दोन लिंगं? बरं, रागवावं तर हाच पडदा ओळी अशा काढतो की पट्टी घेऊन कागदावर आखल्या तरी इतक्या सरळ येणार नाहीत. बांधावरून पाहावं, ओळ पायाशी सुटते ती थेट पलीकडच्या कुंपणाला जाऊन टेकते... कौतुक नाही हं करत, नुसतं सांगते.

आणि ही जमीन कुठली? तर आमचा वरचा माळ! दगड, काटेरी झुडपं आणि खालच्या कोपऱ्यात डबकं. सासऱ्यांनी सोडून दिलेला, आमच्या ह्यांनी त्याच्याकडे पाठ फिरवलेला. सूनबाई म्हणाली, “आई, तो माळ मला द्या.” मी म्हटलं, “अगं, त्यात उगवणार काय? दगड?” तर हिवाळाभर दगडच वेचत बसली. वेचलेल्या दगडांचा बांध घातला, डबक्यातलं पाणी चर खणून काढून दिलं, नांगरट केली, ढेकळं फोडली, आणि वसंत लागताच दुकानातून हे नवं पेरणीयंत्र घेऊन आली. लालभडक! मागे नळ्यांची रांग, वर बियांची पेटी, प्रत्येक नळीखाली जमीन चिरणारा फण. लग्नात नवरी सजवावी तसं ते... कौतुक नाही हं करत, नुसतं सांगते.

पण यंत्र आलं होतं पसंतीवर. ह्यांनी अट घातली, काठी आपटून: “वापसा आहे तोवर सगळा माळ पेरून दाखव. जमलं तर यंत्र राहील, माळ तुझा. नाही जमलं तर यंत्र दुकानात आणि माळ गुरांना.” वापसा म्हणजे काय, ठाऊक आहे ना? जमिनीत ओल असते पण पायाला चिखल लागत नाही, ती नेमकी वेळ. वारा सुटला की गेली! आणि वारा सुटला होता हो... अंगणातली लुगडी दोरीवर आडवी झाली होती.

अशा घाईत ती बाई कानाशी ‘वळणे’ आणि ‘रिकामा’! माझं डोकं उठलं. मी प्रत्येक वेळी सुधारत होते, “वळा म्हण गं, वळा!” पण ती कसली ऐकते? शेवटी मी सूनबाईला एवढंच म्हटलं, “एक तर ती बोलेल, नाही तर मी बसेन.” सून गुणी. यंत्र जोडून द्यायला आलेला मेकॅनिक तिथेच होता, त्याच्याकडून बाईचं तोंड बंद करून घेतलं. तो हसत हसत निघून गेला. शांतता! काय सुंदर पेरणी चालली होती!

अर्धा माळ झाला आणि हे आले पाहणी करायला. पेटीचं झाकण उघडलं, आत डोकावले, आणि म्हणाले, “ही एक ओळ उपाशी ठेवलीय का गं?” पाहते तो काय, बाकी सगळीकडचं बी खाली गेलेलं, आणि एका कोपऱ्यात ढीग जसाच्या तसा! खालच्या कोपऱ्यात जमीन अजून ओली होती, तिथल्या चिखलाने एका फणाचं तोंड बुजलं होतं. पडदा आतल्या आत ‘नळी बंद झाला आहे’ म्हणत असणार... पण त्याला आवाज कुठे होता? आणि त्याच्यावर ऊन असं पडलेलं की लाल अक्षरं दिसणार कोणाला?

सूनबाईचं तोंड एवढंसं झालं. मीच मेकॅनिकला फोन लावला. “आजी, आवाजाच्या कुलपाची किल्ली माझ्याकडे आहे, उद्या येतो.” अरे उद्या? वारा थांबणार आहे का उद्यापर्यंत?

मग काय, पदर खोचला, डोक्याला रुमाल बांधला, आणि चढले यंत्रामागच्या फळीवर! दोन्ही हातांनी दांडा घट्ट धरला, डोळे नळ्यांवर. सूनबाई ओरडली, “आई, पडाल!” मी म्हटलं, “तू पुढे बघ, मागचं मी बघते!” आणि खालच्या कोपऱ्यात पोचताच खणखणीत आवाजात, “चौथी नळी बंद झाली आहे! झाली! थांबव!” ती उतरली, फण साफ केला, पुन्हा निघाली. “पेटी रिकामी झाली आहे! रिकामी!” धूळ नाकात, धूळ तोंडात, पण एक लिंग चुकलं नाही. मागे वळून पाहते तो, आमचे हे, अट घालणारे, काठी बांधावर ठेवून त्या उपाशी ओळीत वाकून हाताने बी टाकताहेत! मी म्हटलं, “अहो, कंबर!” तर म्हणाले, “तू आधी नळ्या बघ.”

ऊन उतरलं तेव्हा माळ पेरून झाला होता. यंत्र राहिलं. माळ तिचा झाला. आता तिथे अंकुर आलेत, ओळीने, हिरव्या दोऱ्याने टाके घातल्यासारखे... कौतुक नाही हं करत!

दुसऱ्या दिवशी मेकॅनिक आला, कुलूप उघडायला. सूनबाई म्हणाली, “राहू दे हो. आमच्या आईंचं व्याकरण शुद्ध आहे, आवाज लांब जातो, आणि त्या बंद करता येत नाहीत.”

तेव्हा पुढच्या वसंतात मला भेटायचं असेल, तर घरी येऊ नका. मागच्या फळीवर या. आणि येताना कृपया डावीकडे वळा. वळा!