दातांच्या डॉक्टरांना मी पळवून नेले नाही, त्याबाबत

जबाब देणार: निवृत्त शिवणशिक्षिका, सगळे 'मिस' म्हणतात. वय त्रेसष्ट वर्षे. व्यवसाय: सध्या बोट दुरुस्ती (हवालदारांनी 'घरकाम' लिहिले होते, ते मी खोडायला लावले). राहणार: तलावाच्या धक्क्यासमोरची गल्ली, पिवळ्या दाराचे घर, थोरल्या बहिणीसोबत.

मी आज पोलीस ठाण्यात स्वतः येऊन, म्हणजे ठाण्याच्या लाँचला दोरीने बांधलेल्या माझ्याच बोटीत बसून येऊन, विचारल्यावरून सांगते ते असे:

वरील पत्त्यावर मी आणि माझी थोरली बहीण, जिला मी ताई म्हणते, अशा दोघीच राहतो. ताईचे गुडघे गेले आहेत. गाडीत बसली की दुसऱ्या वळणाला ती हिरवी होते आणि तिसऱ्या वळणाला गाडी थांबवावी लागते. पाण्यावर मात्र तिला काही होत नाही. लहानपणी आम्ही दोघी तलावापलीकडच्या कॉन्व्हेंट शाळेत जात होतो. तेव्हा शाळेची होडी होती. होडी बंद होऊन बरीच वर्षे झाली, आणि आता शाळाही बंद झाली आहे. आज सूर्य मावळताना शाळेची घंटा शेवटची वाजवायची आहे, नंतर ती उतरवून नेणार आहेत. त्यासाठी ताईला बोलावले आहे, कारण शाळेत घंटेची दोरी तिच्याकडे असायची. ज्यांच्याकडे ती दोरी होती, त्यांतली आता ताई एकटीच उरली आहे. पलीकडे जायचा रस्ता डोंगराच्या कडेने जातो आणि त्याला वळणे फार आहेत. म्हणून मी बोट घेतली. ताई महिनाभर पडद्याच्या दोरीवर सराव करते आहे. पडदा दोनदा खाली आला.

बोट वापरलेली आहे. ती मी आमच्या गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या दातांच्या डॉक्टरांकडून घेतली. त्यांनी दवाखाना बंद केला आहे. विकताना ते म्हणाले होते, "मिस, आठ वर्षांत ही एकदाही बंद पडली नाही. माझी पाठ बंद पडली म्हणून विकतोय." हे वाक्य लिहून घ्यावे.

बोट ताब्यात आल्यावर मी ती स्वच्छ केली. डॉक्टरांनी ती जशी वापरली होती तशीच दिली होती. बाकाखाली चिकट डबे होते, दोऱ्या एकमेकींत गुंतल्या होत्या, पेट्रोलच्या टाकीचे झाकण चिखलाने माखले होते आणि झाकणावरचा छोटा स्क्रू डुगडुगत होता. मी सगळे धुतले, पुसले आणि जे जे सैल होते ते ते आवळले. आमच्या शाळेत एक सिस्टर होत्या, त्यांना मुली मागून 'सिस्टर झाकण' म्हणत. शाईच्या दौतीपासून जॅमच्या बरणीपर्यंत प्रत्येक झाकण त्या फिरवून बघत. सैल सापडले तर रागावत नसत, नुसते "हं?" म्हणत. तो "हं?" मला अजून ऐकू येतो. हवालदारांनी विचारले, याचा तक्रारीशी काय संबंध. मी म्हटले, काही नाही, पण लिहा. ठाण्यातल्या नळाच्या पिंपाचे झाकणही तिरके बसले होते. जबाब सुरू होण्याआधी ते मी घट्ट लावले, हेही लिहा.

पहिल्या दिवशी इंजिन सुरूच झाले नाही. दोरी ओढून माझा खांदा सुजला. मग इंजिनाच्या माहितीपुस्तकात सापडले की लाल वायरची चिमटी बटणाखाली अडकवल्याशिवाय इंजिन सुरू होत नाही. ती चिमटी मी धुऊन घरी सुयांच्या डब्यात ठेवली होती. तो दोष बोटीचा नव्हता. पुढचे सगळे दोष बोटीचे आहेत.

चिमटी लावल्यावर बोट छान निघायची. अर्ध्या वाटेत एका बाजूच्या काठावर झुकलेले झाड आहे, त्याच्या समोरपर्यंत जायची, खोकायची आणि बंद पडायची. पेट्रोल चढवायचा रबरी फुगा गाल ओढल्यासारखा आत गेलेला असायचा. मी टाकीचे झाकण उघडून बघायची. पेट्रोल असायचे. झाकण परत घट्ट लावायची. तेवढ्या वेळात ताई घाबरू नये म्हणून शाळेचे गाणे म्हणायची. मग दोरी ओढली की इंजिन सुरू. थोडे पुढे गेले की परत बंद.

ताई म्हणाली, "अगं, याला आपलं गाणं आवडतंय."

"काहीतरीच काय, ताई."

"मग न गाता सुरू करून दाखव."

मी लगेच दोरी ओढून दाखवली. सुरू झाले नाही. ताईने गाणे म्हटले, मी सवयीने पेट्रोल बघितले, दोरी ओढली, सुरू झाले. आम्ही हा प्रयोग पुन्हा पुन्हा केला. मी नवा प्लग बसवला, पेट्रोल जुन्या पायमोज्यातून गाळले, कार्बुरेटर टूथब्रशने घासला, पंख्यात अडकलेले शेवाळ कात्रीने कापले. गाण्याइतका गुण कशानेच आला नाही. गाऊन गाऊन परवा ताईचा घसा बसला, गाणे नाही म्हणून मी पेट्रोलही न बघता नुसती दोरी ओढत राहिले, आणि बोटही बसली. पलीकडचा काठ आम्ही अजून गाठलेला नाही.

म्हणून आज सकाळी मी डॉक्टरांच्या घरी गेले. ते अंगणात पायजम्यावर झाडांना पाणी घालत होते.

"डॉक्टर, तुमची बोट बंद पडते."

"माझी नाही मिस, तुमची. मी विकली."

"दोन मिनिटं धक्क्यावर येता का?"

"नाश्ता गार होईल."

"दोनच मिनिटं."

ते स्वतःच्या पायांनी आले. येताना दवाखान्यातल्या जुन्या हत्यारांची पिशवी सोबत घेतली. ज्याला पळवून नेतात तो माणूस हत्यारे घेऊन येत नाही, एवढेच मला म्हणायचे आहे. धक्क्यावर त्यांच्यादेखत मी टाकी काठोकाठ भरली आणि झाकण लावले. इंजिन पहिल्या दोरीला सुरू झाले.

"काय झालंय हिला? ठणठणीत आहे."

"इथे नाही होत. मध्ये गेल्यावर होतं."

"सगळे पेशंट हेच म्हणतात. दवाखान्याची पायरी चढले की दुखायचं थांबतं."

"मग चला मध्ये," असे म्हणून मी धक्क्याला बांधलेली दोरी सोडली. डॉक्टरांनी घराकडे बघून खांद्यावरचा टॉवेल हलवला. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे त्याचा अर्थ 'आलोच' असा होता. त्यांच्या पत्नीने खिडकीतून तो 'वाचवा' असा घेतला आणि ठाण्यात फोन केला.

झुकलेल्या झाडापाशी इंजिन खोकले आणि बंद पडले. डॉक्टरांनी कव्हर काढले, तोंड तपासायचा छोटा आरसा आत घातला आणि विचारले, "कधीपासून होतंय?" मग म्हणाले, "अजून थोडं मोठं उघडा."

"डॉक्टर, ते इंजिन आहे."

"सवय," ते म्हणाले. त्यांनी रबरी फुगा दाबून बघितला. "हिरड्या आत गेल्यात."

मी टाकी उघडायला वाकले, तर ते म्हणाले, "राहू द्या हो, आत्ताच भरलीत ना माझ्यासमोर?" म्हणून मी ती उघडली नाही. ताई सोबत नव्हती, म्हणून शाळेचे गाणे मी म्हटले. काही झाले नाही. मी डॉक्टरांना साथ द्यायला सांगितले. त्यांनी नकार दिला. नंतर दिली. तरी काही झाले नाही. काठावर गळ टाकून बसलेल्या दोघांनी टाळ्या वाजवल्या. ते साक्षीदार आहेत.

त्यानंतर आमच्यात बोलाचाली झाली ती खालीलप्रमाणे.

"तुम्ही मला फसवलंत."

"मिस, शब्द जपून वापरा."

"जपूनच वापरला. दुसरा होता मनात."

"अहो, आठ वर्षं मी हिला साधं फडकंसुद्धा लावलं नाही, तरी चालली. तुम्ही हिला काचेच्या कपाटासारखी वागवता, म्हणून नाटकं करते."

मग आम्ही एकमेकांकडे पाठ करून बसलो. बोट लहान असल्याने पाठीला पाठ लागत होती.

ठाण्याची लाँच आली तेव्हा डॉक्टरांच्या पत्नी पुढेच उभ्या होत्या. हातात डॉक्टरांच्या रक्तदाबाच्या गोळ्या आणि बरी पॅंट होती. त्या म्हणाल्या, "तुम्हाला पळवून नेलं ना? मग गात काय होतात?"

"मला गायला लावलं."

"घरी लावलं तरी कधी गायला नाहीत."

लाँचने आमची बोट ओढत आणली. ठाण्यात मी डॉक्टरांविरुद्ध फसवणुकीची तक्रार देते असे सांगितले. हवालदार म्हणाले, "देऊ शकता मिस, पण मग तपास होईपर्यंत बोट इथेच राहील." ठाण्याच्या खिडकीतून धक्का दिसतो. ताई तिथे तिचा चांगला कोट घालून बसली होती. दोरीने हात सोलू नयेत म्हणून तिने हातमोजे घातले होते. सकाळपासूनच घातले होते. मी हवालदारांना म्हटले, लिहा तक्रार, बोट तशीही पोचत नाहीच.

मग मी पाणी मागितले. हवालदारांनी पिंपाचा नळ सोडला. अर्धा पेला भरला. मग धार बारीक झाली, मग थेंब थेंब झाले, मग तेही थांबले. त्यांनी पिंप हलवून बघितले. ते भरलेले होते.

"हे झाकण कोणी आवळलं एवढं?"

"मी."

"असं नका करू हो मिस. आत हवा गेली नाही तर पाणी बाहेर कसं येणार?"

त्यांनी झाकण सैल केले. पिंपाने मोठा उसासा टाकला आणि पाणी पेल्याबाहेर सांडले.

इथे जबाब देणार उठून पिंपाचे झाकण बघून आल्या, असे हवालदारांनी लिहिले आहे. ते बरोबर आहे.

नंतर मी डॉक्टरांना विचारले, "टाकीच्या झाकणावरचा तो छोटा स्क्रू. तुमच्या वेळी कसा असायचा?"

"सैलच. पहिल्या दिवसापासून. मला वाटलं, तुटलाय."

"मग आवळला का नाहीत?"

"कशाला?"

त्यावर त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "यांना काय विचारता? हे कशालाच झाकण लावत नाहीत. स्वतः दातांचे डॉक्टर, आणि टूथपेस्ट रोज उघडी. लग्न झाल्यापासून सांगतेय."

"बघ," डॉक्टर म्हणाले, "त्यामुळेच बोट आठ वर्षं चालली."

"टूथपेस्ट कुठे चालवायची होती तुम्हाला?"

तरी मी आता असे सांगते की, बोटीत दोष नव्हता. तो स्क्रू हवा आत जाण्यासाठी असतो आणि तो मी दर वेळी आवळून टाकत होते. टाकीत हवा जात नव्हती, म्हणून इंजिनाला पेट्रोल मिळत नव्हते. ताई गायची तेव्हा मी पेट्रोल बघायला झाकण उघडायची, तेवढ्यात हवा आत जायची. इंजिनाला गाण्याची आवड नाही. हे मी ताईला सांगणार नाही, आणि हा जबाब तिला कोणी दाखवू नये अशी माझी विनंती आहे.

'फसवणूक' हा शब्द मी मागे घेते. डॉक्टरांविरुद्ध माझी काही तक्रार नाही. सिस्टर झाकण यांच्याविरुद्धही नाही. डॉक्टरांच्या पत्नीनेही आपली तक्रार मागे घेतली आहे. ते दोघे आमच्यासोबत पलीकडे येणार आहेत. त्या म्हणाल्या, "परत बंद पडली तर मला खिडकीतून बघत बसायचं नाहीये." डॉक्टर पॅंट बदलायला आत गेले आहेत.

लिहिलेले सगळे हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवले. मी सांगितले तसेच आहे. कागदाचा समास वाकडा आला आहे, तो तसाच राहू द्यावा. ऊन डोंगरावर चढले आहे आणि ताई धक्क्यावर उठून उभी राहिली आहे, म्हणून सही उभ्यानेच करते.

(जबाब लिहून घेणाऱ्या हवालदाराची नोंद: सही झाल्यावर मिसनी माझ्या पेनाला टोपण लावले. जाताना त्या पिंपापाशी थांबल्या, सैल झाकणाकडे बघितले आणि हात न लावता बाहेर गेल्या. बोट पहिल्या दोरीला सुरू झाली. बसलेल्या घशाने एक बाई गाऊ लागल्या, मग बाकीचे गाऊ लागले. झुकलेल्या झाडापर्यंत इंजिनाचा आवाज ऐकला. त्यापुढेही ऐकला. दिवे लावायच्या सुमारास पलीकडून घंटा वाजली. बराच वेळ वाजत होती. मी खिडकी उघडून घंटा थांबेपर्यंत ऐकली.)