दोन कुलपांचं देऊळ

मंडळी, सूर लागायच्या आधी एक विचारतो. खरं उत्तर द्या हं! आपण म्हणतो, हे देवाचं घर. म्हणतो ना? मग देवाच्या घरात पाऊल टाकायला परवानगी कुणाची लागते?

पाळकसाहेब, तुम्ही माझ्याकडं बघू नका, तुम्हाला नाही विचारलं! मी या पुढच्या जाजमावरच्या थोरामोठ्यांना विचारतोय. कुणीच बोलत नाही. बरं, राहू द्या. गोष्टच सांगेल. म्हणा माझ्याबरोबर —

*घर तुझे देवा, दार तुझे देवा,*
*आम्ही कां राखावा, उंबरठा!*

ऐका तर. कादवा नदीच्या काठाला एक गाव. नाव सांगत नाही — सांगितलं तर तिथले पाव्हणे पुढच्या वर्षी मला कीर्तनाला बोलावायचे नाहीत! गावाच्या कडेला आपली ख्रिस्ती वस्ती, वस्तीच्या मधोमध दगडी देऊळ. वर क्रूस, आत गारवा, आणि चहूकडं द्राक्षाच्या बागा. काय कमी होतं हो? काही नाही! म्हणून तर भांडण झालं. पोटभर जेवलेली माणसंच भांडतात मंडळी, उपाशी माणसाला वेळ कुठला!

भांडण कशावरून? नाताळच्या भजनाला तबला-पेटी घ्यायची, का कीबोर्ड आणि ड्रम! हसू नका! तुमच्या इथं कशावरून झालं होतं, काढू का आता? नको ना? मग ऐका.

तबल्याच्या बाजूला अमोस मास्तर. शाळेतून निवृत्त झालेले. उभं आयुष्य पोरांना शास्त्रपाठ शिकवला, दहा आज्ञा झोपेत म्हणतील. ड्रमच्या बाजूला थोमाभाऊ पगारे. बागायतदार माणूस, मन मोठं, आवाज त्याहून मोठा! आणि गंमत बघा, दोघं सख्खे साडू. मास्तरांची रिबका आणि थोमाची मार्था, एका आईच्या लेकी. नवऱ्यांचं बोलणं बंद, म्हणून बिचाऱ्या बहिणी पिठाच्या गिरणीत चोरून भेटायच्या!

भांडण इतकं विकोपाला गेलं, की मास्तरांनी देवळाला कुलूप लावलं. का? तर ड्रम आत जायला नको! सकाळी थोमानं बघितलं. म्हणाला, "असं काय? मग तबलाबी जाणार नाही!" आणि त्याच कडीत त्यानं आपलं कुलूप अडकवलं. झालं! एका दाराला दोन कुलपं. एक चावी मास्तरांच्या जानव्या... अहो चुकलो, चुकलो! आपल्यात जानवं कुठलं? कडदोऱ्याला! दुसरी थोमाच्या खिशात. दोघं एकत्र आले तरच दार उघडणार, आणि दोघं एकत्र येणार नाहीत. एक पार्टी मास्तरांच्या अंगणात उपासना करी, दुसरी थोमाच्या शेडमध्ये. दोन्हीकडं प्रार्थना एकच — "प्रभू, आमच्यात ऐक्य कर!" प्रभूनं करायचं तरी काय?

अशी कितीक वर्षं गेली. मग एका साली, फेब्रुवारी उलटला. द्राक्षं भरली. खुडणीला मजुरांच्या टोळ्या आल्या. कुठून? लांबून, डांगातून, डोंगर उतरून. घरदार पाठीवर, लेकरं काखेत. बागेच्या बांधाला प्लास्टिकचे कागद ताणले, चार काटक्या रोवल्या, झाला संसार! त्यातली एक टोळी प्रभूला मानणारी होती. टोळीत वडीलधारी मनकीबाई गावीत, तिचा लेक रतन, सून यमुना. आणि यमुनेच्या कुशीत नुकतं जन्मलेलं लेकरू. नावसुद्धा ठेवलेलं नव्हतं अजून.

पहिल्याच रविवारी ही माणसं अंघोळी करून, धुतलेले कपडे घालून देवळाशी आली. क्रूस लांबून दिसला होता ना! येऊन बघतात, तर दाराला कुलूप. एक नाही, दोन! काय केलं त्यांनी? परत गेली? नाही हो! चपला खाली काढल्या, पायऱ्यांवर बसली, बंद दाराकडं तोंड करून गाणी म्हटली, प्रार्थना केली, आणि गेली कामाला. दुसऱ्या रविवारी पुन्हा तेच. तिसऱ्या रविवारी पुन्हा तेच!

आणि आपली वस्ती? खिडकीतून बघत होती. मास्तर म्हणाले, "बघितलंस रिबका? थोमानं माणसं वाढवायला मजूर आणून बसवले!" तिकडं थोमा म्हणाला, "मार्था, मास्तरचा डाव बघ! आपली पार्टी मोठी दाखवायला भाड्यानं भक्त आणलेत!" अहो, कमाल आहे! दारात बसलेलं माणूस कुणालाच माणूस दिसेना. दिसलं ते दुसऱ्या पार्टीचं मत! पाण्याचा तांब्या कुणी दिला नाही. का द्यायचा? त्यांची माणसं, ते बघतील!

मंडळी, आता नीट ऐका. मार्चची दुपार. ऊन कडक, आणि एकाएकी आभाळ काळं झालं. वारा सुटला. टप् — पत्र्यावर एक गार पडली. टप् टप् — आणि मग आभाळच फाटलं! लिंबाएवढ्या गारा! घड तुटून चिखलात, पानांची चाळण, बागांच्या तारा लोळल्या. ज्यांना घर होतं ते घरात पळाले. आणि टोळी? प्लास्टिकचे कागद केव्हाच उडाले होते! लेकरं उचलली आणि धावली माणसं. कुठं? जिथं क्रूस होता तिथं!

दार बंद. वर ना पत्रा, ना पडवी. नुसत्या पायऱ्या! रतननं दार ठोठावलं, खांद्यानं ढकललं. सागाचं दार, दोन कुलपं — हलतंय थोडंच!

अमोस मास्तर खिडकीत उभे होते. मनात म्हणाले, थोमाची माणसं आहेत, येईल तो, उघडेल. थोमा आपल्या खिडकीत. मनात म्हणाला, मास्तरची माणसं आहेत, येईल तो. आणि गारा पडतायत! प्रत्येक जण दुसऱ्याची वाट बघतोय, आणि गारा कुणाचीच वाट बघत नाहीत!

तेवढ्यात मास्तरांना काय दिसलं? मंडळी, मी ज्या ज्या वेळी हे सांगतो, त्या त्या वेळी माझ्या अंगावर काटा येतो. टोळीतल्या बायकांनी लेकरं पोटाशी घेतली आणि दाराच्या बाजूला भिंतीशी टेकून खाली बसल्या. आणि पुरुष? त्यांनी एकमेकांच्या खांद्यांवर हात टाकले, गोल केला आणि वाकले. वाकले हो त्यांच्यावर! पाठीला पाठ भिडली, डोक्याला डोकं भिडलं. छप्पर झालं — माणसांच्या पाठींचं छप्पर! वरून दगडासारख्या गारा, सदरे फाटले, रक्त आलं, पण एक माणूस हलला नाही. आणि त्या पाठींच्या खालून प्रार्थनेचा आवाज येत होता.

बंद देवळाच्या पायरीवर, मंडळी, दुसरं देऊळ उभं राहिलं होतं! त्याला भिंत नव्हती, घंटा नव्हती, आणि कुलूप तर नव्हतंच नव्हतं. आपल्यासाठी ज्याच्या पाठीवर फटके बसले, त्या प्रभूची पाठ मास्तरांना त्या दिवशी दिसली. इतकी वर्षं शिकवली होती, पण बघितली त्या दिवशी!

"रिबका, घमेलं दे!" घमेलं डोक्यावर घेऊन म्हातारा धावला. ठण्ठण् गारा वाजतायत! पायऱ्या चढला, आपलं कुलूप काढलं. पण दुसरं? दुसरं तसंच!

तेव्हा, इतक्या वर्षांनी पहिल्यांदा, अमोस मास्तरांनी हाक मारली, "थोमा! अरे थोमा, चावी आण!"

खिडकीतून आवाज आला, "तुझी माणसं, तूच बघ!"

"माझी? अरे, तूच आणलीस ना?"

"मी? मी कशाला आणू? मला वाटलं, तू!"

नुसता गारांचा आवाज. मग थोमाच्या तोंडून निघालं, पण तो मोठा आवाज नव्हता आता. "माझी नाहीत, तुझी नाहीत... मग कुणाची रे मास्तर?"

मागून मार्था कडाडली, "देवाची! आणखी कुणाची? बाजूला व्हा!" नवऱ्याच्या खिशातून चावी काढून ती बाई उघड्या डोक्यानं बाहेर पडली आणि मग थोमा तिच्यामागं धावला. कुलूप गंजलेलं. चावी फिरेना! थोमानं पायरीजवळचा धोंडा उचलायला घेतला, एकट्याला पेलेना. मास्तरांनी घमेलं फेकलं आणि खालून हात लावला. दोन साडूंनी मिळून एक घाव घातला, दुसरा घातला, आणि कडी तुटली.

दार उघडलं! आधी लेकरं आत गेली, मग बाया. शेवटचं लेकरू आत जाईपर्यंत एक पुरुष सरळ झाला नाही. आणि मंडळी, आत जाताना — रक्त वाहतंय, गारा पडतायत — त्या माणसांनी चपला बाहेर काढल्या!

आत यमुना ओरडली. तिचं लेकरू गारठलं होतं. हालचाल नाही, रडणं नाही, ओठ काळेनिळे. रिबका धावली, मार्था धावली. एकीनं ओले कपडे काढले, दुसरीनं आपल्या पोटाशी धरून पदरात गुंडाळलं. दोघी बहिणी तळहातांनी त्याचे पाय चोळतायत. दोन्ही पार्ट्या एव्हाना दारात जमल्या होत्या. अमोस मास्तर गुडघ्यावर. थोमा गुडघ्यावर. कोण कुठल्या बाजूचं, कुणाला ठाऊक!

आणि मग — ट्यँहाँ! रडलं! अहो, रडलं ते! धुळीनं भरलेल्या त्या देवळात, वर्षानुवर्षं जिथं गाणं नव्हतं, तिथं पहिला आवाज घुमला तो कुणाचा? तबल्याचा नाही. ड्रमचा नाही. परक्या मुलखातल्या, नाव नसलेल्या लेकराचा! आख्खी वस्ती ढसाढसा रडली.

मनकीबाई वेदीपाशी उभी होती. मास्तरांकडं वळून तिनं अगदी साधेपणानं विचारलं, "भाऊ, आमी दर रविवारी दारात बसत होतो. देव मजार आहा का बाहेर, आमाला समजं नाही." मजार म्हणजे आत, मंडळी. देव आत आहे का बाहेर?

टोमणा नव्हता हो! म्हातारीला खरंच जाणून घ्यायचं होतं. दहा आज्ञा झोपेत म्हणणारे मास्तर, त्यांनी थोमाकडं बघितलं. बोलला तो थोमा. म्हणाला, "आई, आजवर बाहेर होता. तुमच्याबरोबर पायरीवर बसला होता. आज आत आला."

बागा गेल्या त्या दिवशी, सगळ्यांच्या गेल्या. पण त्या रात्री देवळात चूल पेटली आणि एका पातेल्यातलं सगळी जेवली. पुढं भांडण मिटलं का? छे! तबल्यावरून दोघं साडू अजून भांडतात. पण आत बसून भांडतात, दार उघडं ठेवून!

आता तुम्ही म्हणाल, बुवा, चांगली झाली गोष्ट, म्हणा आता शेवटचं पद. नाही म्हणणार! मागं वळून बघा. बघा, बघा! कुंपणापलीकडं ती माणसं दिसतात? तुमच्या गावचा रस्ता करायला आलेली, अंगाला डांबर लागलेलं, बायकांच्या कडेवर पोरं. माझं कीर्तन सुरू झाल्यापासून उभी आहेत. तुम्ही सगळ्यांनी बघितलंय त्यांना, मी इथून तुमच्या माना वळताना पाहिल्यात. प्रभू म्हणाला नव्हता का, परक्याला घरात घेतलंत ते मलाच घेतलंत? मग कुणाची वाट बघताय? पलीकडच्या आळीनं उठावं, याची?

मी थांबलोय. पेटी थांबलीय. पुढच्या जाजमावरचं कोण उठतंय?

...हां! या आजी, धरा त्या बाईचा हात. या हो या, पोरांना घेऊन या, डांबराचं काय एवढं, जाजम धुता येतं! सरका मंडळी, सरका. आले सगळे? बसले? पेटीवाले, आता द्या सूर.