चार नंबरची पेटी

पियुष : थांब चंदे, आधी नुसतं ऐक. शेवटपर्यंत ऐक, मंग हास का शिव्या दे.

चंदा : बोल ना मंग! पंधरा मिनटं झाले, रंजीता-रंजीता करून राह्यला. भांडली का तुह्यासंग?

पियुष : भांडली असती त बरं झालं असतं. तुले त्या पेट्या माहीत हायेत ना, आमच्या रिसर्चच्या?

चंदा : वाघाच्या?

पियुष : वाघ पाहाच्या. धानोऱ्याच्या रस्त्यानं आत एक गाव हाये, तिथी चहूबाजूनं पाच लावल्या. मोबाईलले रेंज नाई, म्हणून पेट्या आपसातच रेडिओवर बोलतेत. मधात कोणी साहेब-कम्प्युटर नाई. जिच्या कॅमेऱ्यात वाघ आला ती बाकीच्याईले सांगते. पाचापैकी तीन 'हाये' म्हणाल्या, त शाळेवरचा भोंगा वाजते.

चंदा : तीन काऊन? एकीले दिसला त वाजवा ना.

पियुष : एकीचा काय भरोसा? गाय पाह्यली, सावली पाह्यली, का बोंबलली. दिवसातून दहा खेपा भोंगा वाजला त लोकं कानात बोटं घालून मोहाचे फुलं येचाले जातीन. एखादी बिघडली तरी बाकीच्या सांभाळून घेतीन, हाच त आमचा सारा रिसर्च! आन तो तीनचा आकडा माहा. पेट्या लावल्या रंजीतानं, कोड म्या लिवला.

चंदा : बरं साहेब, पुढं.

पियुष : मोहाचा सिझन लागला. चार नंबरची पेटी, नाल्याकडची, रोज पहाटे 'वाघ, वाघ'. बाकीच्या चार चुप. अकरा दिवस! भोंगा एकदाबी नाई वाजला. म्या म्हणलं वा रे वा, बिघडल्या पेटीले सिस्टमनं कसं बरोबर दाबलं! ग्राफ काढला, आमच्या गाईड सरनं अन् आम्ही दोघांनं पेपर लिवला, हैदराबादच्या कॉन्फरन्सनं घेतला बी.

चंदा : पेढे खाल्ले ना म्या. दोन.

पियुष : चार खाल्ले तू. पण गावातल्या बाया नाल्याकडं जाऊनच नाई राह्यल्या. वाघ दिसला का पेटीवर लाल लाईट लागते, तो गावातल्या इतवारी भाऊले दिसला, त्यानं ग्रामसभेत सांगतलं. अन् त्या गावात एक जण जरी नाई म्हणला त ठराव होत नाई. सारे हो म्हणेपर्यंत बसून राह्यतेत. मोहा झाडाखाली सडून राह्यला. रंजीताले वाटलं, आपल्या पेटीपायी लोकाईचं नुकसान. गेली सभेत, फळ्यावर पाच पेट्याईचे पाच गोल काढले, बिघडली म्हणून चार नंबरचा खोडला. म्हणे भोंगा नाई वाजला, म्हणजे वाघ नाई, बिनधास्त जा.

चंदा : गेल्या?

पियुष : कुठच्या! अंजनाबाई म्हणून गावातली एक बाई उठली. म्हणे, 'बाई, तुह्या बाकीच्या चार पेट्या नाल्यावर गेल्या होत्या का?'

चंदा : अव माय!

पियुष : हासू नको. रंजीता म्हणे, नाई, त्या आपापल्या जागी. 'मंग त्याईले काऊन विचारतं? जो तिकडं गेलाच नाई, त्याचं मत कायचं?'

चंदा : बरोबर त बोलली.

पियुष : बरोबरच! टेस्टच्या वेळी कालेजच्या ग्राऊंडवर आम्ही मधात वाघाचं चित्र ठेवलं होतं, पाचही पेट्याईचं तोंड त्याच्याकडं. तिथी तीनचा आकडा फिट बसला. गावात पाच पेट्या, पाच रस्ते. एकीचं दुसरीले दिसतच नाई. माह्या टकुऱ्यातच नाई आलं हे.

चंदा : मंग वाघ होता का नाई, ते सांग.

पियुष : दुसऱ्या दिवशी दुपारी इतवारी भाऊ अन् पाच-सहा जण डबे वाजवत नाल्यावर गेले, रंजीता बी. पेटीतलं कार्ड आणलं, लॅपटॉपले लावलं. वाघीण, चंदे. संग दोन पिल्लं. अकराही दिवस.

चंदा : आन हिनं बायाईले जा म्हणलं होतं.

पियुष : तेच. फोनवर तेच-तेच बोलून राह्यली होती, 'म्या जा म्हणलं, पियुष, म्या जा म्हणलं.'

चंदा : मंग पेपर वापस घ्या ना. त्यात काय?

पियुष : तिनं सरले हेच सांगतलं. सर म्हणाले, एका पेटीवरून निष्कर्ष काढू नये. सध्या पेपरात ती बिघडलेलीच राहू द्या, पुढच्या पेपरात पाहू.

चंदा : फोटो पाह्यले त्याईनं?

पियुष : 'सवडीनं पाहतो.' अन् पेपर छापून आला का ह्याच पेट्या बारा गावात लागतेत. तीनच्याच आकड्यावर.

चंदा : आमचं गाव हाये का त्यात?

पियुष : ऐक ना आधी...

चंदा : पियुष, माही माय जाते मोहाले.

पियुष : माहीत हाये मले. यादीत सात नंबरवर हाये तुमचं गाव.

चंदा : आन तू काय केलं?

पियुष : पेपरवर तिघांची नावं. काल सरचा मेसेज आला, 'रंजीता नाही म्हणते, मी हो म्हणतो. तू सांग, दोघं झाले की पाठवतो.' म्या... 'हो सर' लिवलं.

चंदा : अबे!

पियुष : दोन वर्षं घातले बाप्पा त्यात! हातच चालला. लगेच पुसलं, पण निळ्या रेघा येऊन गेल्या होत्या, सरनं वाचलं होतं. मंग 'नाही सर' लिवलं. ते अजून तसंच हाये, पाठवलं नाई. फायनल पेपर पाठवाले उद्या पाच वाजेपर्यंत मुदत हाये.

चंदा : रंजीताले माहीत हाये हे?

पियुष : आज सकाळी तिचाच फोन आला, गडचिरोलीतून. म्या म्हणलं, झालं, आता शिव्या देते. त म्हणे, 'पियुष, गावातल्या पेट्याईत म्या तीनचा आकडा एक करून टाकला. आता गाय आली तरी भोंगा वाजते, पण बाया थांबतेत, पाहतेत, मंग जातेत. तुहा कोड होता, न विचारता हात लावला. रागावू नको.'

चंदा : तू काय म्हणला?

पियुष : 'बरं' म्हणलं. 'हो सर'चं तिले नाई सांगतलं. माह्या जागी तू असती, त काय म्हणली असती, चंदे?