काढता येणारी पाटी

मी मूळचा मुरगूडचा. दस्तगीर माजं नाव, पन कोल्हापुरात दस्तगीर म्हणून फार कोन वळकत न्हाय, नंबरवाला पेंटर म्हणत्यात. अब्बा माजे बैलगाड्यांची चाकं रंगवायचे, बैलगाड्या कमी झाल्या तसं ट्रकच्या फाळक्यावर फुलं काढाय लागले, त्येंच्याच हाताखाली ब्रश धराय शिकलो, आनि लगीन झाल्यावर कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत टपरीएवढं दुकान टाकलं. नव्वद सालाच्या आसपास बघा. तवा गाड्यांच्या नंबरपाट्या हातानंच रंगवायच्या. काय सांगू तुमास्नी, आठाचा आकडा मी एका दमात काढायचो, ब्रश उचलायचोच न्हाय. एमएच शून्य नऊ, एमएच शून्य नऊ, दिवसभर त्येच, सपनात बी त्येच. मग रेडियम आलं, त्ये बी शिकलो. आनि नुसतं रंगवायचं न्हाय, पाटी बसवायचं काम बी माज्याकडंच. कुठल्या गाडीला कुठं भोक पाडायचं, कुठं पाडायचं न्हाय, ह्ये माज्या बोटास्नी ठावं हुतं.

माज्या घराला लागून कमल अक्कांचं घर, मधी एकच भिंत. कांबळे त्या, बौद्ध. सरकारी दवाखान्यात नर्स हुत्या, गगनबावड्याकडच्या खेड्यांत लसी द्याय मोपेडवर जायच्या, पाऊस म्हणू नगा, धुकं म्हणू नगा. माज्या धाकट्या लेकीच्या येळेला बायको जाती का ऱ्हाती झालतं, तवा ह्या बाईनं दवाखान्यात भांडून भांडून डॉक्टरला उठवून आनला. त्येवढं ध्यानात ठेवा म्हंजे पुढचं कळंल.

आता त्या गाडीचं. दोन हजार सालानंतरची गोष्ट. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका मालकाचा कारखाना हुता. नाव न्हाय सांगत, तुमी बी लिवू नगा. चाळिशीतला गडी, हौशी. त्येनं परदेशी गाडी आनली. लाल. जमिनीला चिकटलेली, दारं वर उघडायची, चालू केली की पोटात कायतरी गडगडायचं. कोल्हापुरात तसली एकच. रस्त्यात उभी केली की मान्सं जत्रंगत गोळा व्हायची. आनि तिला पुढं पाटी लावायला जागाच न्हाय! मागं हुती, पुढं न्हाय. तिकडच्या लोकास्नी पुढची पाटी लागतच नसंल, कुनाला ठावं. आरटीओवाल्यांनी सांगितलं, पुढं नंबर पायजेच. मालकानं दोन-तीन मोठ्या गॅरेजवाल्यास्नी विचारलं, सगळे म्हणाले बंपरला भोकं पाडावी लागतील. मालक म्हणाला, गाडीला भोक पाडणाऱ्याचा हात तोडीन. मग कुनीतरी माजं नाव सांगितलं.

मी बंगल्यावर गेलो. गाडीपुढं मांडी घालून बसलो आनि तासभर नुसता बघत बसलो. मालक म्हणाला, दस्तगीर, पूजा करतोस काय? मी म्हणालो, मालक, जरा थांबा की. बंपरच्या उजव्या अंगाला एक बारकं झाकण दिसलं, रुपायाएवढं. नखानं उचकाटलं तर आत आट्यांचं भोक. गाडी बंद पडली तर वडून न्यायला हूक लावत्यात बघा, त्याची जागा. मला लई आनंद झाला. म्हंजे नवं भोक पाडायचंच न्हाय, त्याच भोकात बोल्ट बसवायचा, बोल्टाला पट्टी, पट्टीवर पाटी. आटे बी उलटे निघाले, डावीकडं आवळायचे. माजा दोस्त बाळू, उद्यमनगरात त्येचं लेथ मशीन, त्येच्याकडनं बोल्ट करून घेतला. तीनदा चुकला, चौथ्यांदा बसला. पाटी अशी बसली, हलवून बघितली तर गाडी हालंल, पाटी हालायची न्हाय. बाळू म्हणाला, पेंटर, आपलं नाव ह्येच्यावर कोरायला पायजे हुतं. मालकानं बी पाठीवर थाप मारली.

पंधरा दिवसांनी मालकानं परत बोलवलं. म्हणाला, दस्तगीर, पाटी चांगली हाय, पन गाडीचं तोंड बिघडतंय, नव्या नवरीच्या कपाळाला पावती डकवल्यागत दिसतंय. काढता-घालता येईल असं कायतरी कर. फोटोबिटो काढताना काढायची, परत घालायची. मी म्हणालो करतो की. मी आनि बाळूनं डोकं लावलं, स्प्रिंगची पिन बसवली. पिन वडायची, पाटी फिरवायची, हातात. मोजून दोन सेकंद. खरं सांगतो पावणं, माज्या आयुष्यातलं ते सगळ्यात भारी काम. घरला येऊन बायकोला वाटीनं आनि चमच्यानं करून दावलं, पिन कशी, पाटी कशी. ती म्हणाली, काढायची कशाला पन? मी म्हणालो, तुला न्हाय कळायचं.

त्या साली दिवाळीनंतर, दुपारी चारच्या सुमारास, गगनबावड्याच्या रस्त्याला कमल अक्कास्नी गाडीनं उडवलं. त्या लसी देऊन घरला येत हुत्या, गाडी समोरनं आली, एका एसटीला मागं टाकायला अक्कांच्या बाजूला घुसली आनि उडवून तशीच गेली. मागनं दुधाचा टेम्पो येत हुता, त्येच्या ड्रायव्हरनं अक्कास्नी उचललं. त्यो म्हणाला, लाल गाडी हुती, जमिनीला टेकलेली, नंबर बघाय गेलो तर पुढं पाटीच न्हाय, मान वळवून मागचा बघस्तवर वळणापल्याड. अक्कांचा डावा पाय गुडघ्याखाली काढला.

मला दवाखान्यात ह्ये कळलं. पुढं पाटीच न्हाय. काय सांगू तुमास्नी, तितं बाकड्यावर बसलो आनि माजी बोटंच बघत बसलो.

पोलीस बंगल्यावर गेले. मालक म्हणाला, गाडी आठ दिवसापास्नं पुण्याला कामाला गेलीय, इतं न्हाईच. तसला कागद बी निघाला. आनि म्हणाला, माज्या गाडीला पुढं पाटी हाय, त्या गाडीला नव्हती, म्हंजे ती माजी न्हवंच. गोव्याला जाणारी कुनाची तरी आसंल.

मी चार दिवस जेवलो न्हाय. मग गेलो आपनहून ठाण्यात आनि सांगितलं, पाटी निघत्या साहेब, मी केलीया, दोन सेकंदात निघत्या. लिवून घेतलं. कोर्टात उभं ऱ्हायलो. मालकाच्या वकिलानं पाटी आनली हुती, पट्टीबिट्टीसकट, टेबलावर ठेवली. विचारलं, ही तुमी केलेली काय? मी म्हणालो, व्हय, माजीच. चालत्या गाडीवरनं पडंल काय? मी म्हणालो, पडायची न्हाय साहेब. मग म्हणाला, काढून दावा. मी हातात घेतली. पिन न्हाईच! पिनेच्या जागी नट, नटावर वेल्डिंगचा टाका. मी म्हणालो, साहेब, हितं पिन हुती. कुठाय? हुती साहेब. वकील हसला. म्हणाला, मालकानं परत काम दिलं न्हाय म्हणून हा मानूस राग काढतोय. कोर्टात पाच-पन्नास मान्सं, त्यातली निम्मी माजी गिऱ्हाइकं.

बाळूनं पिन केलती, त्येला ठावं हुतं. त्येच्याकडं गेलो, म्हणालो, चल, नुसतं खरं काय ते सांग. तो लेथ बंद न करताच बोलला. म्हणाला, पेंटर, माजा थोरला तिथंच कामाला हाय, मालकाच्या फौंड्रीत, परवाच कायम झाला. मी म्हणालो, बाळू, बाईचा पाय गेला. तो म्हणाला, पाय परत येतोय काय माज्या सांगण्यानं? मी परत बाळूच्या शेडात पाय ठेवला न्हाय. पन रागवू कसा त्येच्यावर? पोरगं माजं आसतं तर मी काय केलं आसतं, ह्ये मला आजून सांगता येत न्हाय.

मालक सुटला. अक्कांनी मला कवा वाईट बोल लावला न्हाय. एकदाच, कुबड्या भिंतीला लावून वट्ट्यावर बसल्या हुत्या, म्हणाल्या, दस्तगीरभाऊ, एक विचारू? त्येनं काढता येणारी पाटी पायजे म्हणाल्यावर तुमास्नी काय वाटलं हुतं, कशाला पायजे? मी म्हणालो, फोटोसाठी म्हणाला. त्या म्हणाल्या, त्यो काय म्हणाला ते न्हाय विचारलं, तुमास्नी काय वाटलं? मला वाटलंच न्हवतं कायबी. पिन कशी बसवायची येवढंच वाटलं हुतं.

आता त्यास्नी बी जाऊन चार वर्सं झाली. आजारानं गेल्या, शेवटपत्तुर माज्या बायकोच्या हातचं खात हुत्या. पाट्या आता मशीनवर छापून येत्यात, हातानं कोन रंगवत न्हाय, मी दुकानात चावीच्या कड्या आनि गाडीच्या काचेवरची नावं करून देतो. लेकी आपापल्या घरी सुखात हायेत. अल्लाची मेहरबानी.

मागच्या म्हैन्यात दुकानासमोर एक पांढरी गाडी थांबली. काच खाली आली, आत मालक. केस पिकलेले, शेजारी नात बसलेली. म्हणाला, काय दस्तगीर, बरं हाय न्हवं? इतकी वर्सं काय काय बोलायचं ठरवून ठेवलं हुतं मी, रोज रंगवायचो मनातल्या मनात. आनि तोंडातनं आलं, व्हय मालक, बरं हाय. त्येनं मान हलवली, काच वर गेली, गाडी गेली. मी तसाच उभा. ते बी लिवा. मी व्हय म्हणालो, ते बी लिवा.