पस्तीस चिंचोके

(रविवारची सकाळ. बिबवेवाडीतल्या एका शाळेचं रिकामं मैदान.)

दशरथ : इथे उभा राहू?

अवधूत : अजून मागं, सर. तेव्हा उभे होता तिथं. स्क्वेअर लेगला.

दशरथ : एकोणीस वर्षांनी जागा बरी लक्षात राहिली, रायकर.

अवधूत : आमच्या अख्ख्या धायरी गावाच्या लक्षात हाय. शाळांची फायनल, अंपायर दशरथ ओव्हाळ, एका ओव्हरीत तीन नो-बॉल. का, तर पोराचं कोपर वाकतंय, पोरगं बॉल फेकतंय. मी रडत मैदानाबाहेर. पुढं बारावीपर्यंत पोरं मला फेक्या म्हणायची.

दशरथ : वाकत होतं कोपर.

अवधूत : वाकत होतं. मी कुठं न्हाई म्हणतोय?

दशरथ : भांडायला बोलावलं असशील तर लवकर आटप. चहा अर्धा टाकून आलोय.

अवधूत : कामाला बोलावलंय. त्या फेकण्यावरच जगलो मी. आमच्या पीटीच्या सरांनी दुसऱ्याच आठवड्यात हातात बेसबॉल दिला. म्हणाले, ह्यात कोपर कितीबी वाकव, कोण बोलणार न्हाई. पिचर झालो, म्हणजे त्यांच्यातला बॉलर. आधी राज्याकडून, मग देशाकडून, मग जपानात पगारी सहा सीझन.

दशरथ : वाचलं होतं. पेपरातलं कात्रण आहे घरी.

अवधूत : तुम्ही ठेवलंय?

दशरथ : आमच्या हिनं ठेवलं. मी फेकून दिलं नाही, एवढंच.

अवधूत : मग कोपरातलं लिगामेंट फाटलं. ऑपरेशन झालं, चौदा महिने घरी काढले. मंगळवारी विमान हाय, शुक्रवारी जुन्या टीमपुढं ट्रायल. पस्तीस बॉल टाकायचे. त्या जाळीवर दोरीची चौकट बांधलीय ना, तेवढ्यात पडले पायजेत. जमलं तर दोन वर्षांचा करार. न्हाई तर माझ्या थोरल्या भावानं, ऋषीदादानं, सिमेंटच्या दुकानाच्या पाटीवर माझं नाव आधीच रंगवून ठेवलंय.

दशरथ : दुकान काही वाईट नाही.

अवधूत : न्हाईच वाईट. पण मला अजून बॉल टाकायचाय, सर. चौतिसाव्या वर्षी मला कोणी संपला म्हणायचं न्हाई. म्हणायचंच असंल तर ते मी म्हणीन.

दशरथ : माझं काम काय त्यात?

अवधूत : सत्तावीस-अठ्ठावीस बॉल झकास जातात. मग एकदम वर उडायला लागतात. व्हिडिओ काढले, फिजिओला दाखवले. सगळे म्हणतात, परफेक्ट, मस्त चाललंय. माझ्या कोपरात खोट काढलेला माणूस अख्ख्या पुण्यात एकच हाय.

दशरथ : मला बेसबॉलातलं ओ की ठो कळत नाही.

अवधूत : कोपरातलं कळतं. काय बदललं की ओरडा.

दशरथ : काय ओरडू?

अवधूत : तुम्हाला जे ओरडता येतं ते.

दशरथ : थांब मग. फोनवर पस्तीस म्हणालास, म्हणून तेवढे चिंचोके आणलेत. बॉल पडला की एक डाव्या खिशातून उजव्या खिशात. जन्मभर सहाच मोजले.

अवधूत : हा घ्या. एक.

दशरथ : मोजणं माझ्याकडे आहे. तू टाक.

अवधूत : किती झाले, सर?

दशरथ : सत्तावीस. दमलास?

अवधूत : न्हाई.

दशरथ : खरं विचारतोय.

अवधूत : दमलोय. पण थांबणार न्हाई.

दशरथ : थांब म्हटलं का मी?

अवधूत : हा बघा.

दशरथ : नो-बॉल.

अवधूत : अंगावर काटा आला, सर.

दशरथ : माझ्याही. पुढचा टाक.

अवधूत : हा?

दशरथ : नो-बॉल.

अवधूत : आणि हा?

दशरथ : हाही नो-बॉल.

अवधूत : तीन झाले. आता मैदानाबाहेर जाऊ?

दशरथ : गप उभा राहा. तुझं कोपर वाकत नाहीये.

अवधूत : वाकत न्हाई?

दशरथ : पहिले सत्तावीस तू फेकलेस. हात मागे गेला, कोपर पुरतं वाकलं, मग सुटलं. अठ्ठाविसाव्यापासून हात ताठ धरून नुसता ढकलतोयस. क्रिकेटमध्ये असा टाकला असतास तर मी तोंडही उघडलं नसतं.

अवधूत : दमलो की तिथं ओढ बसते, सर. टाक्यांपाशी. वाटतं, ह्याच बॉलला परत फाटंल.

दशरथ : डॉक्टर काय म्हणतात?

अवधूत : पूर्ण बरं झालंय. बिनधास्त जोर लाव म्हणतात.

दशरथ : मग हे कोपर कुणासाठी राखून ठेवतोयस? सिमेंटच्या गोण्या मोजायला?

अवधूत : न्हाई.

दशरथ : ऐक. तेव्हाचा निर्णय बरोबर होता. आजही तोच देईन. पण पहिल्या नो-बॉलनंतर तुमच्या सरांना बाजूला घेऊन सांगता आलं असतं, की पोराला बदला. मी तिन्ही दिले. मांडवात मोठे पाहुणे बसले होते, मला कडक दिसायचं होतं. पंधरा वर्षांचं पोर होतं समोर. ते चुकलं माझं. त्याचं वाईट वाटतं.

अवधूत : राहू द्या, सर.

दशरथ : राहूच दिलं होतं इतकी वर्षं. पाच चिंचोके उरलेत. कोपर वाकव.

अवधूत : तुम्ही सांगताय?

दशरथ : मीच सांगतोय. पुरतं वाकव.

अवधूत : लागला. चौकटीत लागला, सर.

दशरथ : चार उरले. हसायचं नंतर.

अवधूत : हा बी आत. आणि हा. दुखतंय, पण आत जातोय.

दशरथ : फाटल्यासारखं दुखतंय की दमल्यासारखं?

अवधूत : दमल्यासारखं.

दशरथ : मग टाक.

अवधूत : झाले पाच. शुक्रवारी तिकडं मला कोण ओरडणार, सर?

दशरथ : कुणाला ओरडावं लागणार नाही असे टाक.

अवधूत : आणि हे शेवटचे पाच? बॉल कसा पडला ह्यावर एक शब्द बोलला न्हाईत तुम्ही. कसे होते?

दशरथ : चांगल्या बॉलला अंपायर काही बोलत नसतो, अवधूत.