ओटीपी न दिल्याबाबत

विजयमाला जोतीराम वाघमोडे, वय ४६ वर्षे, धंदा टॉवेल शिलाई, मूळ राहणार तालुका माळशिरस, सध्या राहणार अक्कलकोट रोड, सोलापूर.

मला आज पोलीस ठाण्यात बोलावून माझ्याविरुद्ध आलेली तक्रार वाचून दाखवली. त्यावर मी समक्ष सांगते की,

मी वरील ठिकाणी पती व सासू यांच्यासह राहते. एमआयडीसीतील टॉवेलच्या कारखान्यात कडा शिवण्याचे काम करते. त्याच कारखान्यात मायाक्का बिरुदेव शेंडगे ही टॉवेलच्या घड्या घालते. ती माझ्या माहेरच्या गावची असून वयाने माझ्यापेक्षा मोठी आहे.

मंगळवारी कारखान्याजवळच्या मंगल कार्यालयात कामगार महिलांसाठी सायबर फसवणुकीबाबत जनजागृतीचा कार्यक्रम होता. डिजिटल जागर प्रतिष्ठान या संस्थेने तो ठेवला होता. मुंबईहून एका सरकारी समितीचे पाहुणे आले होते. हा विषय सामान्य लोकांना कसा समजावून द्यावा, याचे धोरण ही समिती ठरवणार आहे असे आम्हाला सांगण्यात आले. कार्यक्रमाचे प्रमाणपत्र आणणारीची हजेरी लागेल, बाकीच्यांचा खाडा, असे सुपरवायझरने आदल्या दिवशी सांगितले होते.

मायाक्का यायला तयार नव्हती. मागच्या वर्षी तिला बँकेतून बोलतो असे सांगणाऱ्या माणसाचा फोन आला होता. मोबाईलवर आलेला आकडा तिने त्याला सांगितला. मुलगी पायल हिच्या लग्नासाठी बाजूला ठेवलेले सगळे गेले. किती गेले ते तिने कुणाला सांगितलेले नाही. मी विचारलेले नाही. पायलचे लग्न अद्याप झालेले नाही.

त्या वेळी तक्रार द्यायला ती याच ठाण्यात आली होती. मी सोबत होते. टेबलामागच्या साहेबांनी तिला विचारले, "एवढं टीव्हीवर सांगतात, तरी तुम्ही देता कशाला?" तेव्हापासून तिचा मोबाईल बंद करून पिठाच्या डब्यात ठेवलेला असतो. हे जबाबात घ्यायचे का, असे जबाब लिहिणाऱ्या हवालदार दिपाली मॅडमनी मला विचारले. घ्यावे, असे मी सांगितले.

कार्यक्रमाला तिला मी नेले. "चल, भिऊ नगंस. हितं नीट समजावून सांगणार हायत," असे मी तिला म्हणाले. मोबाईल सोबत आणण्याची सूचना होती. तिने तो डब्यातून काढला, पदराने पुसला आणि चार्जिंगला लावला. हेही माझ्याच सांगण्यावरून.

व्याख्याते मानसिंग सर यांनी पडद्यावर चित्रे दाखवली. त्यावरचा मजकूर इंग्रजीत होता. पाहुणे तो वाचत होते. आम्ही चित्रे पाहिली. शेवटी सरांनी सर्वांना उभे केले आणि हात पुढे करून शपथ म्हणायला लावली. शपथ अशी होती की, मी माझा ओटीपी कुणालाही सांगणार नाही. बँकेला नाही, पोलिसाला नाही, सख्ख्या भावाला नाही. मायाक्काने ती मोठ्याने म्हटली. गेल्या वर्षभरात तिचा एवढा आवाज मी ऐकलेला नव्हता. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

बाहेर पडायच्या दारात टेबल मांडले होते. तक्रारदार, म्हणजे त्या संस्थेचे अजिंक्य सर, तेथे टॅब घेऊन बसले होते. ते प्रत्येकीचा नंबर टॅबमध्ये घालत. तिच्या मोबाईलवर ओटीपी येई. तो त्यांना सांगितला की तिचे नाव 'सजग नागरिक' म्हणून नोंदले जाई. मग प्रमाणपत्र आणि जेवणाचे पाकीट मिळे.

पुढच्या बायका आकडे मोठ्याने सांगत होत्या. आमच्या मागे रत्नम्मा उभी होती. ती म्हणाली, "सांगा की पटापट. लग्नात आहेर लिवत्यात तसंच हाय हे. नाव लिवायचं, जेवाय बसायचं." बायका हसल्या. रत्नम्मावर तक्रार नाही हे चांगले झाले.

मायाक्काची पाळी आली. अजिंक्य सर म्हणाले, "मावशी, आलाय बघा, सांगा."

मायाक्का म्हणाली, "आत्ताच हात पुढं करून म्हणाय लावलं की सांगू नका म्हणून."

"ते फसवणाऱ्यांसाठी, मावशी. आम्ही आपलेच आहोत."

"त्यो बी आपलाच म्हणला हुता."

मागच्या बायका पुन्हा हसल्या. अजिंक्य सर हसले नाहीत. "मावशी, लाईन थांबलीय," असे म्हणून त्यांनी मायाक्काच्या हातातून मोबाईल घेतला आणि स्वतः आकडा वाचू लागले. मायाक्काने मोबाईल सोडून दिला. तिने माझ्याकडे पाहिले.

मी अजिंक्य सरांचे मनगट धरले. हे खरे आहे. मी त्यांना ढकलले नाही. ते उठताना टॅब टेबलावरून खाली पडला व त्याची काच तडकली. मोबाईल मी मायाक्काच्या हातात दिला. मी माझाही आकडा सांगितला नाही. आम्हा दोघींना प्रमाणपत्र मिळाले नाही. दोघींचा खाडा लागला.

आवाज ऐकून मानसिंग सर व समितीच्या एक पाहुण्या बाई दारात आल्या. मी सरांना विचारले, "सर, शपथ खरी का हे खरं?" सर म्हणाले, "हा अपवाद आहे." मी म्हणाले, "मग अपवाद शपथेत का न्हाय घातला?" सरांनी पाहुण्या बाईंकडे पाहिले. बाई चांगल्या शब्दांत म्हणाल्या, "ताई, नोंद झाल्याशिवाय किती लोक जागरूक झाले ते आम्हाला कसं कळणार?" मी म्हणाले, "ह्या एकीला इचारा की." मायाक्का तेथेच उभी होती. बाईंनी तिला काही विचारले नाही. त्यांना पुढे कार्यक्रम होता.

त्या आकड्याने काय बिघडले असते, हे मला माहीत नाही. कदाचित काही बिघडले नसते. कोणता आकडा द्यायचा आणि कोणता नाही, हे कसे ओळखायचे ते त्या दिवशी कुणी सांगितले नाही. मायाक्काला ते मागच्या वर्षीही माहीत नव्हते. तिला मात्र सगळे विचारतात की दिलास कशाला. या वेळी तिने दिला नाही, तर लाईन थांबली.

मी शासनाच्या मोहिमेबद्दल बायकांच्या मनात संशय निर्माण केला, असे तक्रारीत लिहिले आहे. संशय घ्यायला शिकवण्यासाठीच तो कार्यक्रम आहे, असे मला वाटले होते. स्टेजमागे 'ओटीपी कुणालाही सांगू नका' असे जे फ्लेक्स लावले होते त्यापेक्षा जास्त मी काही बोललेले नाही. ते फ्लेक्स अजून तेथेच आहे. पाहून यावे.

काचेचे नुकसान मी मुद्दाम केलेले नाही. मनगट धरल्याबद्दल माफी मागणार का, असे मला विचारण्यात आले. मायाक्काच्या हातातून मोबाईल घेतल्याबद्दल आधी तिची माफी मागावी. मग मी मागेन.

माझे सांगणे संपल्यावर दिपाली मॅडमनी माझा नंबर संगणकात घातला. माझा मोबाईल वाजला. मॅडम म्हणाल्या, "ताई, आकडा आला असेल, सांगा. त्याशिवाय तुमचा जबाब पुढं जात नाही." जबाब पुढे गेला नाही तर अजिंक्य सरांचे म्हणणे तेवढे नोंदीत राहील, हेही त्यांनी मला समजावून सांगितले. ते मला समजले आहे.

मायाक्का बाहेर बाकावर बसली होती. माझ्यानंतर तिचा जबाब आहे. मोबाईलचा आवाज ऐकून ती उठून दारात आली.

आकडा मी सांगितलेला नाही. दिपाली मॅडमनी खणातून कोरे कागद काढले आणि हा जबाब हाताने लिहून घेतला. दारात उभ्या मायाक्कालाही ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी तो मला वाचून दाखवला. मी सांगितले तेच त्यात लिहिले आहे. खाली सही मी माझ्या हाताने केली आहे.